आजीचं धाबं आणि आत्याचा हीट पंप

सुरुवातीलाच एक कबुली. पहिलीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागायला मैत्रीण आली तेव्हा मी आधी हसले आणि नंतर घाबरले. ह्रस्व-दीर्घ शेजारच्या काकांनी तपासून दिले आहेत, तरी राहिलेल्या चुका माझ्याच. आणि एकोणसाठ-एकोणसत्तरमध्ये माझा अजूनही गोंधळ होतो, म्हणून सगळे आकडे अंकातच लिहिले आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावं!

विषय मात्र मी निवडलेला नाही. तो आमच्या घरातच निघाला, तोही वाईट प्रसंगातून.

एका रात्रीची गोष्ट

आम्ही खामगावचे. म्हणजे घाटाखालचे. आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली हे दोन वेगळे देशच आहेत. बुलढाण्याला, चिखलीला रात्री जरा तरी वारा सुटतो. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यात मे महिन्यात रात्री ११ वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

माझी आजी नांदुरा तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहायची. गुडघे दुखायला लागले म्हणून बाबा तिला खामगावला घेऊन आले. आमचं घर एकमजली, वर सिमेंटची स्लॅब. गेल्या वर्षी मे महिन्यात एका रात्री आजी उठली ती भेलकांडतच. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुपारी उन्हात गेल्या होत्या का?" आई म्हणाली, "नाही हो, दिवसभर घरातच होत्या. पंखाही सुरू होता." डॉक्टर म्हणाले, "मग घरातच ऊन लागलं."

दोन दिवस सलाईन लागलं. आजी बरी झाली. पण "घरातच ऊन लागलं" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मग घरात चर्चा सुरू झाली. बाबा म्हणाले, एसी घेऊन टाकू. दुकानदार म्हणाला, खोली स्लॅबखालची आहे, दोन टनाचा घ्या. मिनेसोटाला असलेल्या आत्याचा फोन आला. ती म्हणाली, "एसी कशाला? आमच्याकडे जिओथर्मल हीट पंप आहे. अंगणात पाइप पुरलेत. हिवाळ्यात जमिनीतून उष्णता घेतो, उन्हाळ्यात जमिनीत टाकतो. बिल एकदम कमी. तुमच्याकडे तर जागाही आहे!" आणि आजी पलंगावर बसून एवढंच म्हणाली, "आमच्या धाब्यात असं नोतं वं पोरी उकडत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, काय करायचं."

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते. दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे कळलं ते इथे मांडते.

उष्णतेचा पंप म्हणजे काय?

पंप आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पाणी आपणहून वरून खाली वाहतं. खालून वर न्यायचं असेल तर मोटर लागते. उष्णतेचंही तसंच आहे. ती आपणहून गरम जागेकडून थंड जागेकडे जाते. उलट न्यायची तर पंप लागतो. घरातला फ्रिज हा हीट पंप आहे, एसीसुद्धा हीट पंपच. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेरच्या जास्त गरम हवेत नेऊन टाकायची. ही कल्पना उलटी वापरून घर गरमही करता येईल, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५२ साली मांडलं होतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. विहिरीचं पाणी ३० फुटांवर असेल तर मोटरला कमी वीज लागते. मार्च-एप्रिलमध्ये पाणी १०० फुटांवर गेलं की तेवढंच पाणी काढायला जास्त वीज जाते. मोटर तीच, पाणी तेवढंच, फरक फक्त खोलीचा. उष्णतेच्या पंपात खोली नसते, तापमानातला फरक असतो. जिथून उष्णता उचलायची आणि जिथे टाकायची त्या दोन जागांच्या तापमानात जितकं अंतर जास्त, तितकी वीज जास्त.

१ युनिट वीज खाऊन यंत्राने किती युनिट उष्णता हलवली, त्या आकड्याला सी.ओ.पी. म्हणतात. ३ सी.ओ.पी. म्हणजे १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता हलली. यात जादू काही नाही, कारण आपण उष्णता तयार करत नाही, फक्त हलवतो. सी.ओ.पी. जास्तीत जास्त किती असू शकेल, याची मर्यादा सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ साली मांडलेल्या विचारातून निघते. थंड करायचं असेल तर थंड बाजूचं केल्विनमधलं तापमान घ्यायचं आणि त्याला दोन बाजूंच्या फरकाने भागायचं. प्रत्यक्षातलं यंत्र त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत पोचतं. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात हे सूत्र मी पाठ करून लिहिलं होतं. त्याचा आजीच्या खोलीशी संबंध आहे हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

जमिनीखाली काय आहे?

'जिओथर्मल' म्हटलं की आपल्याला गरम पाण्याचे झरे आठवतात. माझ्या एका मित्राने लगेच विचारलं, "म्हणजे शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या उनपदेवसारखं?" नाही. आत्याच्या अंगणात झरा नाही की ज्वालामुखी नाही. तिथे आहे फक्त स्थिर तापमानाची जमीन. म्हणून या यंत्राला 'जमिनीला जोडलेला हीट पंप' म्हणणं जास्त बरोबर. तो जी उष्णता वापरतो ती बहुतेक उन्हाचीच, जमिनीत मुरलेली.

आपण हे रोज अनुभवतो. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं आणि उन्हाळ्यात थंड. खरं तर पाण्याचं तापमान जवळपास तेच असतं, बदलते ती बाहेरची हवा. मी गावच्या आमच्या विहिरीत दोरीला थर्मामीटर बांधून सोडलं, एकदा दिवाळीच्या सुट्टीत आणि एकदा मे महिन्यात. दोन्ही वेळेला २७ अंशांच्या आसपास. (दुसऱ्या वेळी थर्मामीटर विहिरीतच राहिलं. लॅबला भरपाई दिली आहे.)

असं का होतं? माती उष्णता फार हळू पुढे सरकवते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा हा रोजचा चढउतार मातीत हातभर खोल जाईपर्यंत जवळपास मरून जातो. उन्हाळा-हिवाळा हा वर्षाचा चढउतार जास्त खोल जातो, पण ३ मीटरवर त्याचा साधारण पाव भाग उरतो. आणखी खाली गेलं की जमिनीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतकं होतं. आपल्याकडे ते २७ च्या आसपास, मिनेसोटात ९-१० अंश.

आपल्या पूर्वजांनी सूत्र न मांडता हे वापरलं. जिजाऊंच्या सिंदखेडराजाला पुतळा बारव आहे. भर दुपारी तिच्या पायऱ्या उतरून खाली जा, म्हणजे मी काय म्हणते ते अंगाला कळेल.

आजच्या काळातला प्रयोगही भारतातच झाला आहे. अहमदाबादच्या आय.आय.एम.मधले गिरजा शरण आणि त्यांच्या सहकाऱ्याने ५० मीटर लांबीचा, १० सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप ३ मीटर खोल पुरला आणि ४०० वॉटच्या ब्लोअरने त्यातून हवा फिरवली. २००३ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. मे महिन्यात तिथल्या जमिनीचं तापमान २६.६ अंश होतं आणि बाहेरची तापलेली हवा पाइपातून जाताना १४ अंशांपर्यंत थंड झाली. जानेवारीच्या रात्री तीच हवा जवळपास तेवढीच गरम झाली. थंड करतानाचा सरासरी सी.ओ.पी. ३.३ आला, तोही कॉम्प्रेसरशिवाय! अर्थात अशा पाइपातली हवा जमिनीपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि पावसाळ्यात तिचा दमटपणाही जात नाही.

मिनेसोटा आणि खामगाव

आता आत्याचा दावा तपासू. तिच्याकडे हिवाळ्यात बाहेर उणे २० अंश. हवेतून उष्णता उचलायची तर यंत्राची थंड बाजू उणे २८ पर्यंत न्यावी लागते. जमिनीतून उचलायची तर ० अंश पुरतात. घरातल्या बाजूला ४० अंश धरले तर पहिल्या ठिकाणी फरक ६८ चा, दुसऱ्या ठिकाणी ४० चा. म्हणजे 'विहिरीची खोली' एकदम ४० टक्क्यांनी कमी! आणि साध्या हीटरशी तुलना केली तर विचारूच नका, कारण हीटरचा सी.ओ.पी. १ च्या वर कधीच जात नाही. आत्याचं बिल कमी येतं यात नवल नाही. तिची गोष्ट खरी आहे.

पण खामगावला आपल्याला घर गरम करायचंच नाही. आपल्याला उष्णता बाहेर टाकायची आहे. एसीची थंड बाजू १० अंशांवर, म्हणजे २८३ केल्विन धरू. दुपारी बाहेर ४३ अंश असताना गरम बाजू साधारण ५५ वर जाते. फरक ४५ चा. कार्नोची मर्यादा ६.३, प्रत्यक्षात समजा २.८. आता ही उष्णता २७-२८ अंशांच्या जमिनीत टाकली तर गरम बाजू ३८ वर राहते. फरक २८ चा. मर्यादा १०, प्रत्यक्षात ४.५. फायदा आहे की!

थांबा. रात्रीचं काय? रात्री बाहेर ३० अंश असतील तर साध्या एसीचीही गरम बाजू ४२ वर उतरते आणि सी.ओ.पी. ४ पर्यंत जातो. म्हणजे रात्री जमिनीचा फायदा अगदी थोडा. शिवाय पाइपात पाणी फिरवणारा छोटा पंप वीज खातो तो वेगळाच. दिवसरात्र मिळून साधा चांगला एसी ३.४ आणि जमिनीचा पंप ४.२, असा माझा अंदाज निघाला. मिनेसोटात जमीन म्हणजे मोठी झेप, खामगावात एक पायरी.

इथे एसीवरच्या स्टिकरबद्दलही सांगते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्यातून २००२ साली ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी आला आणि २००६ पासून स्टार लेबल. त्यावरचा आकडा हंगामाची सरासरी असतो. तो काढताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांमध्ये धरतात. आपल्या घाटाखाली मे महिन्यात पारा ४३ च्याही वर जातो. म्हणजे आपल्याला गरज सगळ्यात जास्त असते त्याच दुपारी यंत्र स्टिकरपेक्षा बरंच कमी काम करत असतं.

बोअर, काळी माती आणि साठलेली उष्णता

समजा तरीही करायचंच ठरवलं. १ टनाचा एसी म्हणजे ३.५ किलोवॉट उष्णता खोलीतून काढणारा. त्यात यंत्राने खाल्लेली वीज मिळवली की जमिनीत सव्वाचार किलोवॉट टाकायचे. १ मीटर बोअरमधून साधारण ५० वॉट जमिनीत मुरतात असं धरलं तर ८५ मीटर, म्हणजे २८० फूट बोअर लागेल. एका टनाला एक बोअर! आपल्याकडे बोअरचा खर्च काय असतो हे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात माहीत आहे, आणि खाली काळा बसाल्ट लागला की मशीनवाला काय तोंड करतो तेही.

मग आडवे पाइप पुरले तर? गाळाच्या पट्ट्यात खोदणं सोपं आहे. पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. माती आकसून पाइपापासून सुटली की मधे हवा येते, आणि हवा म्हणजे उष्णतेला अडसर. ज्या महिन्यात उष्णता टाकायची त्याच महिन्यात जमीन हात आखडता घेणार.

तिसरी अडचण मला सगळ्यात शिकवून गेली. आत्या हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढते आणि उन्हाळ्यात परत टाकते. जमिनीचं खातं बऱ्यापैकी जुळतं. आपण मात्र दरवर्षी नुसती भरच घालणार. बोअरभोवतीचा खडक वर्षागणिक थोडा थोडा तापत जाणार आणि सी.ओ.पी. उतरत जाणार. विहिरीतून फक्त उपसा करून पुनर्भरण केलं नाही तर काय होतं, त्याचीच ही उलटी आवृत्ती.

म्हणजे हे तंत्र आपल्याकडे निरुपयोगी आहे का? तसं नाही. जिथे खोल्या थंड करायच्या आहेत आणि रोज भरपूर गरम पाणीही लागतं, तिथे त्याचा विचार व्हावा. मोठी हॉस्पिटलं, लॉज, भक्तनिवास. खोल्यांतली उष्णता आधी आंघोळीच्या पाण्याला द्यायची, उरलेलीच जमिनीत टाकायची. फायनल इयरला कोणी प्रोजेक्ट शोधत असेल तर ही कल्पना फुकट घ्या.

कूलरला विसरू नका

आईने मधेच विचारलं, "एवढं सगळं ठीक, पण आपला कूलर काय वाईट आहे?" मी हिशोब केला आणि गप्प झाले. हवा ४३ अंश आणि एकदम कोरडी असेल तर चांगला कूलर ती २७-२८ पर्यंत आणतो, आणि वीज खातो १५०-२०० वॉट. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी जमिनीचा पंपसुद्धा त्याच्यापुढे हरतो.

पण कूलर वीज वाचवतो तो पाणी पिऊन. मोठा कूलर कोरड्या हवेत तासाला १२-१५ लिटर पाणी उडवतो. १० तासांत १५० लिटरच्या घरात! जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे हा साधा प्रश्न नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचं पाणी वापरलं की महिन्याभरात खस क्षारांनी दगडासारखा होतो आणि हवा जायची थांबते. आणि जूनमध्ये ढग जमून हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिक करतो. म्हणजे प्रत्येक यंत्राला त्याची वेळ आणि जागा आहे.

मुळात उष्णता येते कुठून?

इथपर्यंत मी फक्त यंत्रांची तुलना करत होते. आजीचं वाक्य मात्र कानात होतं. "आमच्या धाब्यात असं नोतं." मग मी पंपाचा विचार सोडला आणि पंपाला उपसावी लागणारी उष्णता कुठून येते ते पाहिलं. बोट बुडत असेल तर पाणी उपसायला मोठा डबा शोधण्याआधी भोक शोधायला हवं ना!

आजीची खोली १० बाय १२ फुटांची. छत ११ चौरस मीटर. १ अंश फरकाला १ चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता शिरते त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. ६ इंची स्लॅबची यू-व्हॅल्यू येते सुमारे ३.३. मे महिन्यात उन्हाने तापलेल्या, काळवंडलेल्या स्लॅबच्या वरची बाजू दिवसरात्र मिळून जणू ४१ अंशांच्या हवेत असल्यासारखी असते. खोली २७ वर ठेवायची तर १४ अंशांचा फरक. गुणाकार करा : १४ गुणिले ३.३ गुणिले ११. सुमारे ५०० वॉट. सरासरी! म्हणजे आजीच्या डोक्यावर अर्धा किलोवॉटचा हीटर, २४ तास. शिवाय स्लॅब दुपारी खाल्लेली उष्णता संध्याकाळनंतर खाली सोडते. म्हणून रात्री ११ ला ऊन लागतं.

आता धाब्याकडे वळू. गावचं घर मी टेप घेऊन मोजलं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर हातभर, म्हणजे दीड फूट मातीचा थर. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकायचं काम आजोबा करायचे. या छताची यू-व्हॅल्यू मी काढली. १ ते १.२ च्या मधे आली.

हा आकडा आधी कुठेतरी वाचल्यासारखा वाटला. २०१८ साली केंद्र सरकारने राहत्या घरांसाठी 'इको-निवास संहिता' आणली. तिच्यात छताची यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त १.२ असावी असं म्हटलं आहे. म्हणजे आजोबांचं मातीचं धाबं २०१८ च्या संहितेत पास होतं, आणि बाबांनी कर्ज काढून बांधलेली आमची स्लॅब पावणेतीन पट जास्त उष्णता आत घेऊन नापास होते! शिवाय दीड फूट माती दिवसाचा चढउतार पार गिळून टाकते. आजी बरोबर होती. मला ते सिद्ध करायला सहा सेमिस्टर लागली.

धाब्याचे गोडवे गाऊन थांबणं मात्र बरोबर नाही. धाबं गळतं, उंदीर-विंचू येतात, दरवर्षी राबावं लागतं, आणि जोराच्या पावसात कोसळून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. स्लॅब उगाच आली नाही. पण स्लॅब घेताना आपण धाब्याचा गुण गावीच ठेवून आलो. तो परत आणायला दीड फूट माती नको. स्लॅबवर इंचभर जाड, चांगल्या घनतेचा थर्माकोल, त्यावर कोबा आणि पांढऱ्या टाइल्सचे तुकडे एवढ्याने यू-व्हॅल्यू १ च्या आसपास येते. हे नको असेल तर नुसता चुन्याचा हात द्या. काळी स्लॅब उन्हाचा ७० टक्के भाग पिते, पांढरी ३० टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यानेही ५०० वॉटचे ३२५ होतात. दोन्ही केलं तर १२० च्याही खाली.

शेवटचा हिशोब

बाबांसमोर मी एक कागद ठेवला. खोलीत एकूण सरासरी १ किलोवॉट उष्णता येते असं धरलं, छतातून अर्धी आणि भिंती-खिडक्या-माणसं मिळून अर्धी. खोली दिवसरात्र थंड ठेवायची.

१) स्लॅब आहे तशी, चांगला एसी : रोज ७ युनिट.
२) स्लॅब आहे तशी, जमिनीचा हीट पंप : रोज ५.७ युनिट. वाचले १.३.
३) छत दुरुस्त, तोच साधा एसी : रोज ४.४ युनिट. वाचले २.६.

२८० फूट बोअर मारून जेवढी वीज वाचते त्याच्या दुप्पट वीज छतावरून वाचते. आणि लाइट गेली की एसी बंद, हीट पंपही बंद. छत मात्र चालूच राहतं! आजीसाठी मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटला.

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे आत्या चुकली?" मी म्हटलं, "नाही. आत्या मिनेसोटात बरोबर आहे."

तर आम्ही काय केलं? यंदा मार्चमध्ये मी, बाबा आणि धाकटा भाऊ तिघांनी मिळून गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले. चुन्यात थोडा डिंक. आजीच्या खोलीवर थर्माकोल आणि पांढऱ्या टाइल्स गवंड्याकडून करून घेतल्या. पश्चिमेच्या खिडकीला आतल्या पडद्याऐवजी बाहेरून बांबूची चटई टांगली, कारण ऊन काचेच्या आत आलं की मग ते घरातच राहतं. पहाटे खिडक्या उघडायच्या आणि ८ च्या आत बंद करायच्या, हे काम आजीने स्वतःकडे घेतलं आहे. पंखा ७५ वॉटचा होता, तिथे ३० वॉटचा बी.एल.डी.सी. बसवला. आणि हो, एसीही घेतला. दोन टनाचा नाही, एक टनाचा. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सेट होऊनच येतात. आम्ही तो २७ वर ठेवतो आणि पंखा लावतो. गरज पडेल तेव्हाच.

मे महिन्यात रात्री ९ वाजता छताला खालून थर्मोकपल लावलं. हॉलच्या छताला नुसता चुना होता, तिथे ३७ अंश. आजीच्या खोलीत एसी बंद असताना ३३. शेजारच्या काकांच्या घरी, जिथे काहीच केलेलं नाही, ४१. काकांनी (हो, तेच ह्रस्व-दीर्घ तपासणारे) दुसऱ्याच दिवशी चुना आणला.

मित्रांनो, आपण इंजिनिअर लोक प्रश्न दिसला की लगेच यंत्र शोधतो. यंत्राची कामगिरी यंत्रात थोडी आणि आपण त्याला किती खोल विहिरीतून उपसायला लावतो त्यात जास्त असते. तुमच्या घरात स्लॅबखालच्या खोलीत कोण झोपतं, एवढं एकदा बघा. बहुतेक घरांत तिथे आजी-आजोबा असतात. या सुट्टीत घरी जाल तेव्हा रात्री ९ वाजता छताला हात लावून पाहा. हात लगेच काढावा लागला, तर पुढच्या रविवारी काय करायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

आजीला मी हा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, "एवढं लिवलं, पण खारी माती टाकाची राह्यलीच की वं!"

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी